बहिणीचं बघणं

आमच्याकडे मुलीला बघायला येतात तेव्हा मुलीने बघायचं नसतं. ही रीत कोणी घातली ते मला ठाऊक नाही. ज्याने घातली त्याचे माझ्या बहिणीवर उपकार झाले असं मी बरीच वर्षं समजत होते. आता तसं वाटत नाही.

बहीण माझ्याहून सातेक वर्षांनी मोठी. मी तिला बाय म्हणायची. आमचं घर मसुऱ्याच्या अलीकडे खाडीकाठी, थोडी भातशेती, थोडे माड, डोंगराच्या पायथ्याला काजू. वडील मुंबईला गोदीत कामाला होते. ते गणपतीला नि शिमग्याला यायचे, आणि आले की पाहुण्यासारखे राहायचे. बाकी वर्षभर घर म्हणजे आई, बाय आणि मी.

बायला तिन्हीसांजेनंतर दिसत नसे. दिवसा तिच्या नजरेतून तांदळातला खडा सुटायचा नाही, समोरच्या काठावर कुणाची होडी लागली ते ती इकडून सांगायची. पण सूर्य खाडीच्या तोंडाशी टेकला की तिचं जग मिटायला लागायचं. कंदील लावला तर कंदिलाची ज्योत तेवढी दिसायची, बाकी काळोख. सुरुवातीला हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. ती दाराच्या चौकटीला आपटायची, निजलेल्या कुत्र्यावर पाय द्यायची, आणि आई ओरडायची, ''डोळे खंय गहाण ठेवलंस गो?'' धांदरट म्हणून तिने पुष्कळ बोलणी खाल्ली. तिलाही वाटायचं, काळोखात सगळ्यांना असंच दिसत असेल, आपणच वेंधळ्या.

मग एकदा गुरं बांधायला गोठ्यात गेली ती तिथेच उभी राहिली. हाका मारल्या तर म्हणाली, ''वाट गावणा नाय.'' दार तिच्या पाठीमागे सताड उघडं होतं. त्या दिवसापासून आई ओरडायची थांबली, आणि आईचं ओरडणं थांबलं म्हणजे काहीतरी मोठं झालं हे मलाही कळायचं.

त्यानंतर बघण्याचा सपाटा सुरू झाला. वैद्याने पापण्या उलटून डोळे बघितले आणि झोंबणारं अंजन दिलं. देवळात गुरवाने कौल लावून बघितलं, तर कुणा पूर्वजाचं काही राहून गेलंय असं निघालं. पलीकडच्या गावातल्या भगताने सुपात तांदूळ टाकून बघितलं, त्याला कुण्या बाईची वाईट नजर दिसली. एवढ्या सगळ्यांनी बघितलं आणि बायला काही दिसलं नाही. शेवटी आईने आपल्या मनाशी ठरवलं की दिवसाचं दिसतंय ना, मग झालं. रातांधळी हा शब्द घरात कुणी उच्चारायचा नाही. तिन्हीसांजेच्या आत बायची कामं आटपायची, दिवा मी लावायचा, आणि काळोख पडला की बायने चुलीजवळ बसून राहायचं. गावात आई सांगायची, ''माझा चेडू तिनसांजेनंतर उंबऱ्याभायर पाय टाकणा नाय.'' गावाला ते फार आवडायचं. नाकासमोर बघून चालणारी मुलगी, असं तिचं नाव झालं.

त्या नावावरच विजयदुर्गचं स्थळ चालून आलं. मुलगा एकुलता एक, बंदरावर मालाच्या पेढीत कारकून, घरी फक्त विधवा आई. आमच्या दूरच्या एका मामांनी मध्यस्थी केली. आईने त्यांना बजावून निरोप दिला की मंडळींनी दुपारी जेवायलाच यावं. पाहुणचाराची हौस म्हणून नव्हे, ते काय ते मामांनाही ठाऊक नव्हतं.

मंडळींची मोटार तळेऱ्याच्या फाट्यावर बंद पडली. आम्हाला हे कळणार कसं? पानं मांडून आम्ही वाट बघत बसलो. सोलांची कढी निवली, भात कोरडा झाला, ऊन खळ्यातून, म्हणजे अंगणातून, सरकत तुळशीपाशी गेलं. आई दारात जायची, उन्हाकडे बघायची आणि आत यायची. वडील त्या वेळी मुद्दाम रजा काढून आले होते. ते म्हणाले, ''आज नाय येवचे ते.'' आई उठली. घमेलं घेतलं, गोठ्यात गेली, शेण आणि लाल माती कालवून आणली आणि सकाळीच सारवलेली ओटी पुन्हा सारवायला बसली. वडिलांना वाटलं, हिचं डोकं फिरलं.

आमच्याकडे जमीन सारवताना बायका बोटांनी अर्धगोल फराटे उठवतात. आईने ते फराटे तर काढलेच, पण माजघराच्या दारापासून ते भिंतीजवळ मांडलेल्या पाटापर्यंत तिने जाड शेणमातीची एक कड उठवली. वरून बघितलं तर सारवणाची किनार वाटावी. पण अनवाणी पायाला ती लागायची. तिने बायला बोलावलं आणि म्हणाली, ''डोळे मिट, आणि ह्या कडेन पाय घाशीत चल.'' बाय चालली. पुन्हा चालली. तिसऱ्यांदा हातात ताट घेऊन चालली. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची असेन. मला तो खेळ वाटला आणि मी हसले, तर आईने ओल्या हाताची एक ठेवून दिली.

मंडळी आली ती नेमकी दिवेलागणीला. मुलगा, त्याची आई आणि मामा. आईने घरातले होते नव्हते तेवढे दिवे पेटवून त्या कडेच्या अंगाला ठेवले होते. पाहुण्यांना वाटलं, आपल्या मानासाठी रोषणाई केली आहे. जमीन ओली आहे असं सांगून आईने त्यांना पलीकडच्या भिंतीशी बसवलं. बाय पोह्यांचं ताट घेऊन आली. मान खाली, पाऊल हळू, एकेक पाऊल जमिनीला घासत. पाटापाशी थांबली, ताट ठेवलं, वाकून नमस्कार केला आणि बसली. मुलाच्या आईचा चेहरा उजळला. ''आजकालच्या चेडवांचे डोळे भिरभिरत असतत,'' ती वडिलांना म्हणाली, ''हिने वर म्हणून बघूक नाय.''

मग तिने कमरेची चंची काढली आणि तिच्यातून सुई-दोरा काढला. मुलीच्या हातून सुई ओवून घ्यायची पद्धत होती, नजर आणि हात दोन्ही कळायचे.  बाय पुतळ्यासारखी बसली होती. आई मात्र इतक्या गोड आवाजात बोलली की तो आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. ''व्हनी, तिनसांज झाली. दिवो लागल्यावर सुई हातात घेतली तर लक्ष्मी रुसता, तुमका मिया काय सांगूचा?'' त्या बाईने जीभ चावली आणि सुई लगबगीने चंचीत टाकली. आपण शुभकार्याच्या घरी येऊन एवढी साधी गोष्ट विसरलो, याची तिला लाज वाटली. पुढे तिने काहीही विचारलं नाही. मुलगी पसंत आहे असं जाता जाता मामांच्या कानात सांगून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर बायने मला विचारलं, ''कसो आसा गो तो?''

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हिने नवरा मुलगा बघितलेलाच नाही. मी जे बघितलं होतं ते सांगितलं. कान मोठे आहेत, भांग मधोमध पाडतो, पोहे खाताना शेंगदाणे बाजूला काढून शेवटी खाल्ले, आई बोलली की आधी तिच्याकडे बघतो आणि मग हसतो. बाय नीट ऐकत होती. ''शेंगदाणे शेवटाक खातो म्हणजे बरो असतलो,'' ती म्हणाली. माझ्या एवढ्याशा बघण्यावर तिने हो म्हटलं. 

पण त्याच दिवशी तिने आईपाशी विषय काढला. ''आये, तेंका सांगूक व्हया.''

''काय सांगतलंस?''

''माका दिसणा नाय ता.''

आई तांदूळ पाखडत होती. सूप खाली न ठेवता म्हणाली, ''सांगलंस तर जल्मभर हयच रवतलंस. तुझ्या बापाशीच्या मागे तुका कोण बघतलो? ही?'' आणि तिने सुपानेच माझ्याकडे बोट केलं. बायने विषय सोडला. आईचं चुकलं असं आज म्हणणं सोपं आहे. मीही पुष्कळदा म्हटलं आहे, तिच्या तोंडावर म्हटलं आहे. पण त्या काळी आमच्या गावात बिनलग्नाची राहिलेली एक बाई होती. भावाच्या घरी लोकांची उष्टी काढता काढता ती म्हातारी झाली. आईच्या डोळ्यांपुढे तीच असणार.

लग्न वैशाखात झालं, सकाळच्या मुहूर्ताने. तोही आईनेच साधून घेतला.

विजयदुर्गला बायने संसार केला तो दिवसाचा. पहाटे फटफटलं की उठायची आणि सूर्य बुडायच्या आत रात्रीचा भात-आमटी झाकून ठेवायची. घरातल्या प्रत्येक वस्तूची जागा ठरवून टाकली. तांब्या कुठे, पाट कुठे, रॉकेलची बाटली कुठे, जरा हललं तर तिला चालायचं नाही, आणि सासूला वाटायचं सून टापटिपीची आहे. सारवण तिच्याकडे आलं तशी तिने त्याही घरात पायाला लागेल अशी कड उठवली, आणि कुणी विचारलं तर म्हणायची, आमच्या म्हायेराक असाच सारवतत. तिन्हीसांजेनंतर ती मान खाली घालून, पाय घासत चालायची. सासू शेजारणींना अभिमानाने सांगायची की आमची सून पायाखाली बघून चालते. त्या म्हातारीने एवढं बघितलं, पण बघायचं ते नाही बघितलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तसा. आणि भावोजी? ते पेढीतून दमून यायचे, जेवायचे, हिशेबातल्या गमती सांगायचे. चांगले होते. आपली बायको आपल्याशी बोलताना चेहऱ्याकडे न बघता किंचित बाजूला बघते, हे त्यांना लाजणं वाटायचं. लग्नाला पाच वर्षं झाली तरी लाजते म्हणून ते तिला चिडवायचे.

मी सुट्टीत तिथे जायची. बाय दिवसा हसायची, पण दुपार कलली की तिच्या हालचाली बदलायच्या. मी म्हणायची, सांगून टाक ना. ती म्हणायची, ''आता इतक्या वर्सांनी सांगलंय तर लबाडी ठरात. गप रव.'' ती लबाडी होतीच. पण तिची नव्हती, आणि फळं तिलाच खायची होती.

मग मुलगी झाली. तिचे डोळे टपोरे, काळेभोर. जो येईल तो आधी डोळेच बघायचा, आणि सासू मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढत बसायची. बाय मात्र मुलीला मांडीवर घेऊन बसली की तिच्या पापण्यांवरून बोट फिरवत राहायची. एकदा मला म्हणाली, ''माझे डोळे हिका गेले नाय म्हणजे मिळवल्यान.'' तेवढंच. पण त्या दिवसापासून तिच्या जिवाला दुसरा घोर नव्हता हे मला कळलं.

मुलगी चारेक वर्षांची असताना पावसाळ्यात गावात गोवराची साथ आली. तिला इतका जोराचा गोवर निघाला की तीन-चार दिवस आशाच सोडली होती. आमच्याकडे घरात गोवर-कांजिण्या आल्या म्हणजे देवी आली असं समजतात. मासे बंद, फोडणी बंद. बरं वाटलं की आंघोळ घालतात आणि पथ्य सुटतं. पण या सासूने ऐन कठीण वेळी गावदेवीला नवस बोलला होता, की नात वाचली तर माघाच्या अखेरीस जत्रेला ओटी भरीन आणि तोवर पोरीच्या तोंडाला मासा लावणार नाही. नात वाचली. मग श्रावण सरला, गणपती झाले, दिवाळी झाली, आणि पोरगी पेज, मीठ नि कधी कुळथाची पिठी एवढ्यावर राहिली. दूध चहापुरतंच यायचं. पाला पोराला बाधतो म्हणून पालेभाजीही नाही. घरात बाकीच्यांसाठी बांगडे तळले जायचे आणि ती वासावर पेज प्यायची. समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर. पण नवस म्हणजे नवस, तिथे कुणाची बिशाद?

माघ लागल्यावर मी बायकडे गेले. तोवर मी फायनलची परीक्षा पास होऊन गावच्या शाळेत शिकवायला लागले होते. बायचा चेहरा ओढलेला होता. पहिल्याच दुपारी ती मला परसात घेऊन गेली.

''तू आज तिनसांजेक चेडवाक बघ,'' ती म्हणाली.

''काय बघू?''

''ती कशी चलता ता. दोन-तीनदा माझ्या अंगावर येवन आपाटली. माका संशय येता. पण माका कसा कळतला? त्या वेळाक माका खंय दिसता!''

घरात दुसऱ्या कुणाला ती हे विचारू शकत नव्हती. विचारलं असतं तर आधी, तू का बघत नाहीस, याचं उत्तर द्यावं लागलं असतं. माझी वाट बघत तिने आठवडे काढले होते.

संध्याकाळी दिवे लागायच्या आधी आम्ही खळ्यात आलो. मला अजून सगळं स्वच्छ दिसत होतं, माडांच्या झावळ्या, तुळस, कुंपणावरचे कपडे. बायने पोरीच्या हातातली लाकडी बाहुली माझ्याकडे दिली, मी ती तुळशीपलीकडे जमिनीवर ठेवली, आणि बायने पोरीला सांगितलं, ''जा बाये, बावली घेवन ये.'' पोरगी निघाली. चार पावलं नीट गेली. मग तिने दोन्ही हात पुढे केले. तुळशीच्या पायरीला तिचा पाय लागला, ती पडली, रडली नाही. उकिडवी बसून जमीन चाचपायला लागली. बाहुली तिच्या उजव्या हाताला वीतभरावर पडली होती आणि ती डावीकडे चाचपत होती.

''काय केल्यान?'' बायने विचारलं. ती माझ्या शेजारी उभी होती, डोळे सताड उघडे ठेवून.

खोटं सांगावंसं मला फार वाटलं. पण ती माझा आवाज ओळखायची. मी बघितलं ते सांगितलं.

 बाय कुंपणाला धरत, पाय घासत ओटीकडे गेली. भावोजी नुकतेच आले होते, पाय धुऊन चहा पीत बसले होते. सासू कोपऱ्यात वाती वळत होती. मी पोरीला कडेवर घेऊन मागोमाग गेले.

''चेडवाक तिनसांजेक दिसणा नाय,'' बाय म्हणाली. ''तिका म्हमयक डाक्टराक दाखवूक व्हया. अगदी बेगीन.''

''काय तरीच काय?'' भावोजी हसले. ''तुका कोणी सांगल्यान?''

''माका ठावक आसा. ता माझा आसा. माकाय दिसणा नाय. लहान आसल्यापासून.''

कपबशी खाली ठेवल्याचा आवाज झाला. सासूचे हात थांबले. ''म्हणजे आम्ही बघूक इलंव तेव्हा?'' तिने विचारलं.

''तेव्हाय दिसत नव्हता.''

म्हातारी तोंडाने काहीबाही बोलू लागली, फसवलं, आंधळी गळ्यात बांधली, आमच्या वंशात असलं कधी नव्हतं. ते मी धरून चालले होते. भावोजी ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, ''म्हणजे त्या दिवशी तू माका बघूकच नाय?''

''नाय,'' बाय म्हणाली. ''लग्नात मान खाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बघलंय. तुम्ही न्हाणयेत दात घाशीत होतास.''

दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर हसण्यावारी गेलं असतं. भावोजी उठून खळ्यात गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत. मला वाटतं, त्यांना डोळ्यांचं दुःख नव्हतं. इतकी वर्षं ज्याला ते लाजणं समजून लाडाने चिडवत होते ते लाजणं नव्हतं, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. माणसाला फसवलेलं एक वेळ चालतं, त्याचं हसं झालेलं चालत नाही. तरीही मी त्यांना माफ करत नाही.

दोन दिवसांत ठरलं. भावोजी पोरीला घेऊन मुंबईला जाणार, आणि ते येईपर्यंत बायने माहेरी राहायचं. ''चार दिस जा,'' सासू म्हणाली, आणि बायच्या ट्रंकेत तिचं सगळं लुगडं-पातळ भरून दिलं. चार दिवसांना एवढी लुगडी कशाला, हे बायलाही कळत होतं. पोरीला झोपेतच उचलून मोटारीत घातलं होतं. आम्ही नंतरच्या मोटारीने निघालो. तळेऱ्याला मोटार बदलायची होती. तिथे बाकावर बसल्यावर बाय म्हणाली, ''तिका झाप लागली होती मां? रडाक नाय मां?''

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी आशा धरून बसायला नको. भावोजी तिला न्यायला कधी आले नाहीत. वर्षातून एकदा गणपतीच्या सुमाराला मामा मुलीला घेऊन यायचे, सकाळी आणायचे आणि ऊन असतानाच परत न्यायचे. पुढे पुढे बायचं दिवसाचंही दिसणं अंधुक होत गेलं.

त्याच वर्षी शिमग्याला वडील मुंबईहून आले. मुंबईत भावोजींबरोबर डॉक्टरकडे तेच गेले होते. ओटीवर टेकतात न टेकतात तोच आम्ही तिघी त्यांच्याभोवती बसलो. वडील बोलायचे कमी. पण त्या दिवशी त्यांनी सगळं सांगितलं.

डॉक्टरने पोरीचे डोळे दिव्याने बघितले आणि पहिला प्रश्न विचारला की ही खाते काय. भावोजींनी नवसाचं सांगितलं. तो डॉक्टर कोकणातलाच असावा, तो असा भडकला की बाहेर बसलेले लोक आत डोकावले. समुद्राच्या काठावर राहता आणि पोराला सहा-सहा महिने मासा देत नाही? गोवराने आधीच खंगलेली पोर, तिच्या अंगात डोळ्यांना लागतं ते उरलंच नाही. मोरीच्या, म्हणजे मुशी माशाच्या, यकृताचं तेल द्या, मासे द्या, पाला द्या, दुसरं काही नको. वेळेवर आणलीत, अजून उशीर केला असता तर बुबुळं गेली असती. आईचा आजार वेगळा आणि हिचा वेगळा, असं त्याने दोनदा सांगितलं. बायला लहानपणी तेच तेल आईने महिनोन् महिने पाजलं होतं आणि काही उपयोग झाला नव्हता. पोरीला पंधरवड्यात फरक पडला.

''म्हणजे माझा नाय ता?'' बायने विचारलं.

''नाय,'' वडील म्हणाले.

''माझ्याकडना गेलेला नाय?''

''नाय गो. नुसतो मासो नव्हतो पोटात.''

आईने कपाळावर हात मारला आणि पदर तोंडाला लावून आत निघून गेली. मी वडिलांना विचारलं, ''आणि भावोजी? कधी येतले बायक न्हेवक?'' वडील जमिनीकडे बघत म्हणाले, ''बघतंय म्हणाले.'' आमच्या भागात कुणी सोयरिकीला, जमिनीच्या भांडणाला किंवा मदतीला 'बघतो' म्हटलं की माणसं चपला घालून उठतात. मी उठले नाही, माझं डोकं फिरलं. जत्रा तोपर्यंत होऊनही गेली होती. नवस फिटला होता, पोरीच्या ताटात मासा आला असता. मी बायवर ओरडले, ''कळता काय तुका? थोडे दिस गप रवली असतस तर काय एक झाला नसता! चेडवाक आपसूक दिसला असता, आणि तू तुझ्या घराक असतस!''

बायने माझ्याकडे बघितलं. दुपारची वेळ होती, तिला मी दिसत होते.

''आणि जत्रेनंतरय दिसला नसता तर?'' ती म्हणाली.

  आणि ती वडिलांकडे वळली. वडिलांनी सांगितलं होतं की विजयदुर्गला परत निघायच्या आदल्या संध्याकाळी पोरगी त्यांच्या चाळीच्या गॅलरीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत धावली. ते तिने त्यांना पुन्हा सांगायला लावलं. दिवे लागले होते का, गॅलरीत सामान होतं का, किती लांब आहे गॅलरी, सगळं विचारून घेतलं. वडील वैतागले नाहीत, प्रत्येक वेळी सांगत राहिले. बायच्या चेहऱ्यावर मी कितीतरी वर्षांत बघितला नव्हता एवढा आनंद होता, आणि मला तो बघवत नव्हता.

''धावली म्हणजे,'' ती म्हणाली, ''पडाक नाय मां खंय?''

''नाय,'' वडील म्हणाले. ''एकदाय नाय.''